रात्री दहापासून उपाशी



मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. ३१ वर्षं सैन्यात इंजिनिअर्समध्ये होतो, ज्यांना सॅपर म्हणतात. कर्नल म्हणून निवृत्त झालो. मुलगी इथे नोकरीला, म्हणून आम्ही दोघं बेंगळुरूला, एचएसआर लेआउटमध्ये येऊन राहिलो. हा स्टुडिओ माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खाली एक दर्शिनी आहे, म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. मघाशी ही मंडळी म्हणाली, सर, एक फिल्टर कॉफी घेऊ आणि सुरू करू. मी नको म्हटलं. का ते पुढे येईलच.

२०२२ची दिवाळी. माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगा मिरजेहून आमच्याकडे आले होते. भाऊ ५७ वर्षांचा, मिरजेत त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप. त्याला जांघेत हर्निया होता. कितीतरी वर्षं होता. आत ढकलला की जायचा, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलत राहिला. "दादा, सीझन संपू दे," हे मी दहा वर्षं ऐकत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवायला दहा वाजले. त्यानंतर पत्ते. साडेअकरापर्यंत मधे चकल्यांचा डबा फिरत होता. ही वेळ लक्षात ठेवा. पहाटे तीनला त्याच्या पोटात कळ उठली. फुगवटा लिंबाएवढा झाला होता, दगडासारखा घट्ट, आत जाईना. दोनदा उलटी झाली. पाच-सव्वापाचला आम्ही जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये पोचलो. हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. प्रकरण आयोगासमोर आहे, आणि नाव कळून तुमचा काही फायदाही नाही.

वेदना थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. सहाच्या सुमारास एक सिस्टर कागद घेऊन आली. तिने हिंदीत विचारलं, "आज कुछ खाया है?" भाऊ म्हणाला, "नहीं." खरंच होतं ते. आज म्हणजे पहाटेपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. ती मला म्हणाली, "खाने को कुछ मत देना." मी मान हलवली.

इंजेक्शनने त्याला बरं वाटलं. साडेसहाला म्हणाला, "दादा, तोंड कडू झालंय रे. घोटभर कॉफी मिळेल का?" मी खाली गेलो. समोरची दर्शिनी नुकतीच उघडली होती. स्टीलच्या पेल्यात कॉफी घेऊन आलो. त्याने अर्धी प्यायली, उरलेली मी प्यायलो.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टरने सांगितलं होतं ना! सांगितलं होतं, खायला देऊ नका. कॉफी खाण्यात येते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आदेशातला प्रत्येक शब्द तपासून मग सही केली, त्याच्या डोक्यात आलं नाही.

साडेआठला त्याला आत नेलं. भूल देणारे डॉक्टर आम्हाला बाहेर भेटले नाहीत. नऊच्या आधीच धावपळ सुरू झाली. कोणीतरी आतून आलं आणि म्हणालं, भूल देताना उलटी झाली, थोडं फुप्फुसात गेलंय, काळजी करू नका. ऑपरेशन पूर्ण झालं. आतडं वाचलं. हर्निया अगदी व्यवस्थित दुरुस्त झाला. संध्याकाळी एक्स-रे दाखवला, त्यात उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. दोन दिवसांनी दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या. अकराव्या दिवशी तो गेला.

आता हे होतं कसं, ते सांगतो. मला समजायला सहा महिने लागले, तुम्हाला पाच मिनिटं लागतील.

आपल्याकडे शब्द आहे ठसका. जेवताना बोललो, घास चुकीच्या वाटेला गेला, की ठसका लागतो. आई पाठीवर थापटते, कोणी म्हणतं आठवण काढली. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात एकमेकींना लागून आहेत, आणि चुकीच्या वाटेवर काही आलं की शरीर जिवाच्या आकांताने ते बाहेर फेकतं. ठसका म्हणजे नाक्यावरचा संत्री. पूर्ण भूल दिली की हा संत्री झोपतो. झोपायलाच हवा, नाहीतर घशात नळी घालता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची गाठही त्याच वेळी सैल पडते. पोटात काही असेल तर ते वर येतं आणि अडवायला कोणी नसतं. माणूस उताणा झोपलेला असतो. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ, म्हणून माल बहुतेक वेळा उजवीकडे उतरतो.

घन तुकडा असेल तर वाट बंद होते, माणूस गुदमरतो. पातळ असेल तर आणखी वेगळं संकट. जठरातला रस म्हणजे ॲसिड. ते फुप्फुसाला अक्षरशः भाजतं. हा फरक न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली लिहून ठेवला. ते बाळंतपणं करणारे डॉक्टर. त्यांच्या हॉस्पिटलातली १९३२ ते १९४५ मधली ४४,०१६ बाळंतपणं त्यांनी तपासली. त्यांत भूल देताना पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना सापडल्या. दोन बायका दगावल्या, दोन्ही घन अन्नाने गुदमरून. मग त्यांनी सशांवर प्रयोग करून ॲसिडचं काम दाखवलं. म्हणजे मेंडेलसननी कोणावर ठपका ठेवला नाही, आधी वह्या उघडल्या आणि मोजलं. मला हा माणूस आवडतो.

पण हा धोका त्याहून शंभर वर्षं जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४८च्या जानेवारीत हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्म देऊन गेली. क्लोरोफॉर्मने मृत्यू झाल्याची ही पहिली नोंद मानतात. क्लोरोफॉर्म रूढ करणारे एडिंबराचे सिम्प्सन म्हणाले, क्लोरोफॉर्मने नाही, ती बेशुद्ध झाल्यावर शुद्धीवर आणायला तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली, त्याने गेली. खरं काय ते अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणजे भूल देण्याच्या पहिल्याच मृत्यूपासून वाद हाच, औषधाने मेली की घशात गेलेल्याने, आणि चूक कोणाची.

तेराव्यानंतर पुतण्या मला म्हणाला, "काका, त्या हॉस्पिटलच्या काचा फोडतो." तो २६ वर्षांचा. मी त्याला धरून बसवलं. महाराष्ट्रात २०१० सालापासून आणि कर्नाटकात २००९ सालापासून डॉक्टर आणि हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे, ते त्याला सांगितलं. पण कायद्यापेक्षा मी त्याला दुसरं सांगितलं. काच फुटली की कागद जातो. त्यानंतर सगळी चर्चा काचेची होते.

आम्ही कागद मागितले. लेखी अर्ज, पोच घेतलेली प्रत. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाले. हे मी त्या हॉस्पिटलच्या बाजूने नोंदवतो.

ती फाइल मी आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली. पहिल्याच पानावर छापील चौकट होती आणि त्यात पेनाने लिहिलेलं: एनबीएम, रात्री १०पासून. एनबीएम म्हणजे तोंडावाटे काहीही नाही. रात्री दहाला माझा भाऊ याच टेबलावर बसून दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत होता. साडेअकराला चकल्या. साडेसहाला कॉफी. दहा हा आकडा आला कुठून? त्याला कोणी वेळ विचारलीच नव्हती. मला वाटतं, सकाळच्या ऑपरेशनच्या पेशंटला रात्री दहापासून उपाशी राहायला सांगतात, म्हणून हाताला सवयीने दहा लिहायची सवय. कोणाचा वाईट हेतू नव्हता. हेतू नव्हता म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली.

इथे मला थोडं सॅपरचं सांगू द्या, दोन मिनिटं.

डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. सगळ्या पश्चिम सीमेवर आम्ही सुरुंग पेरले. नंतर तेच काढायचे होते. त्यात आपली बरीच माणसं मेली, बऱ्याचजणांचे पाय गेले, शत्रूची एक गोळी न लागता. सुरुंगाच्या शेताचा एक नकाशा आणि नोंद असते. कुठल्या खुणेपासून किती पावलं, किती ओळी, किती सुरुंग. ती नोंद पेरतानाच भरायची, जागेवर, ज्याने पेरले त्याने. थंडी आहे, अंधार आहे, बोटं बधिर आहेत, तंबूत जाऊन आठवून भरू, असं एकाने केलं की आठ महिन्यांनी दुसऱ्याच कुणाचा पाय जातो. नोंदीत "नेहमीप्रमाणे" हा शब्द चालत नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे इतक्यांदा सांगितलं की ती माझी नक्कल करायची.

तर "रात्री १०पासून" हे वाचलं आणि मला ते शेत आठवलं.

मी फाइल घेऊन माझ्या एका जुन्या मित्राकडे गेलो. तो सैन्यातला भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. त्याने तास-दीड तास वाचलं. मी त्याला कॉफीचं आधीच सांगितलं होतं. खरं तर मी त्याच्याकडे त्यासाठीच गेलो होतो. मला एकच विचारायचं होतं, मी मारलं का त्याला?

तो म्हणाला, "ऐक. दूध घातलेली कॉफी पाणी धरत नाहीत. दूध पोटात फाटतं आणि जड अन्नासारखं वागतं. नेहमीच्या ठरवलेल्या ऑपरेशनला दूध-कॉफीनंतर सहा तास थांबतात. म्हणजे तू दिलीस ती चूक. पण तुझा भाऊ नेहमीच्या ऑपरेशनला आला नव्हता. आतडं अडकलंय, दोन उलट्या झाल्यात, वेदनेचं इंजेक्शन दिलंय. अशा माणसाचं पोट पुढे सरकतच नाही. त्याने दोन दिवस काही खाल्लं नसतं तरी आम्ही त्याचं पोट भरलेलंच धरतो. शिकवणीतलं पहिलं वाक्य आहे हे."

मग त्याने भूलेच्या तक्त्यावर बोट ठेवलं. अशा पेशंटला आधी नाकातून नळी घालून पोट जमेल तितकं रिकामं करतात. डोकं वर ठेवतात. ओढून घ्यायचं यंत्र, सक्शन, उशाशी चालू ठेवतात. औषध देऊन मास्कने हवा न भरता झटक्यात घशात नळी घालतात. गळ्यावर बोटाने दाब देऊन अन्ननलिका मिटवायची युक्ती लंडनच्या सेलिक यांनी १९६१ साली सांगितली, तिच्यावर हल्ली डॉक्टरांत मतभेद आहेत, तो भाग सोड म्हणाला. पण बाकीचं? तक्त्यात नाकातली नळी उलटीनंतर घातल्याची नोंद होती. आधीची नव्हती. "भरलेलं पोट" हे शब्द कुठेच नव्हते. असणार कसे? पहिल्या पानावर लिहिलं होतं, रात्री दहापासून उपाशी.

"हे सगळं करूनही होतं का?" मी विचारलं.

"होतं," तो म्हणाला. "माझ्या हातून झालंय. एकदा. बाई वाचली."

इंग्लंडमध्ये भूल देताना श्वासमार्गात झालेल्या गंभीर घटनांची देशभर तपासणी झाली, तिचा अहवाल २०११ साली आला. त्यातही भूलेतल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हेच निघालं. सगळी साधनं असलेल्या देशात. म्हणून "फुप्फुसात गेलं म्हणजे डॉक्टरची चूक" हे गणित बरोबर नाही. अपघात आणि हलगर्जी इथे बाहेरून अगदी सारखे दिसतात. एक्स-रे तोच, मृत्यूही तोच. फरक असतो तो आधीच्या अर्ध्या तासात, आणि तो अर्धा तास फक्त कागदावर उरतो.

आपल्याकडे याचा कायदा कुठून आला ते सांगतो. आपल्या मराठी मुलखातूनच. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर गोडबोले नावाच्या घरातल्या वीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या. तिथून सुमारे २०० मैल गाडीतून त्याला पुण्याला आणलं. त्या काळचे रस्ते आणि मोडलेली मांडी, विचार करा. पुण्यात डॉ. जोशी यांच्या हॉस्पिटलात ९ मेला हाड बसवताना तीन माणसांच्या मदतीने पाय ओढला, पूर्ण भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर. त्याच रात्री मुलगा गेला. बापाने दावा लावला. ३,००० रुपयांची भरपाई ठरली. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८च्या मे महिन्यात तिथेही हरले. पंधरा वर्षं. बापाने तीन हजारांसाठी पंधरा वर्षं काढली नसणार, हे कोणालाही कळेल.

त्या निकालात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली. पेशंट घ्यायचा का हे ठरवताना काळजी, कुठला उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. बरं करण्याची हमी द्यायची नसते. सर्वांत हुशार डॉक्टरइतकं कौशल्यही मागत नाहीत, वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी मागतात. आजही वकील हा निकाल काढतात. तिथे भूल दिली नाही म्हणून मुलगा गेला, इथे देताना भाऊ गेला, पण तिन्ही प्रश्न तसेच्या तसे लागू.

पुढचं थोडक्यात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती हॉस्पिटलं त्यातून बाहेर. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. आणि २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात न्यायालय म्हणालं, डॉक्टरला गुन्हेगार ठरवायचं तर साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा हवा, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं. मला हे पटतं. भूलतज्ज्ञाला हातकडीची भीती असेल तर अडकलेल्या हर्नियाला रात्री हात कोण लावेल?

भावजय पोलिसांकडे जायला तयारच नव्हती. ग्राहक आयोगाकडे जायचं ठरलं. वकील इथलेच, चांगले गृहस्थ. त्यांनी मसुदा केला. मी वाचला. त्यात कॉफी नव्हती.

मी विचारलं. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, हॉस्पिटलला हे ठाऊक नाही. त्यांच्या कागदात नाही. आपण कशाला सांगायचं? त्यांचा वकील एवढ्या एका पेल्यावर केस उभी करेल. नातेवाइकांनीच सूचना मोडली, संपलं."

खोटं सांगतो असं नाही, तीन दिवस मी गप्प राहिलो. मनाला समजावत होतो. मित्राने सांगितलंय ना, कॉफी नसती तरी पोट भरलेलंच होतं. मग ती कॉफी मुद्द्याचीच नाही. मुद्द्याची नसलेली गोष्ट लिहायची कशाला? असं सगळं. आयुष्यात किती चौकश्यांत मी समोरच्या हवालदाराला, कॅप्टनला हेच करताना पाहिलं होतं आणि पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं.

भावजयीला तोपर्यंत कॉफीचं माहीत नव्हतं. त्या सकाळी ती माझ्या बायकोबरोबर घरी होती. चौथ्या दिवशी मिरजेला गेलो आणि सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती. गॅस बंद केला, तशीच उभी राहिली. मला वाटलं आता घराबाहेर काढेल. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सगळी प्यायले का ते?"

म्हटलं, "अर्धी."

"आवडली?"

मी हो म्हटलं. आवडली होती. म्हणाला होता, दादा, मिरजेत अशी मिळत नाही.

मग ती म्हणाली, "लिहा ते. त्यांनी दहा लिहिलंय ते खोटं म्हणायचं आणि आपण साडेसहा लपवायचं, हे मला सांगता यायचं नाही कोणाला."

तक्रारीत कॉफी आहे. तिसऱ्या परिच्छेदात, माझ्या शपथपत्रासह. हॉस्पिटलच्या उत्तरात वकील म्हणाले होते तसंच झालं, पाच पानांत कॉफी बारा वेळा आहे. मी मोजली. दहा वाजल्याच्या नोंदीबद्दल एक ओळ आहे: "सदर नोंद प्रचलित पद्धतीनुसार." तारखा चालू आहेत. निकाल काय लागेल मला माहीत नाही. लागेल तेव्हा मी हयात असलो तर इथे येऊन सांगेन, बाजूने लागला तरी आणि विरुद्ध लागला तरी.

आता तुमच्यासाठी. आपल्या मराठी माणसांचा एक खास घोटाळा आहे. आपल्याला "उपाशी या" म्हटलं की आपण उपास करतो. उपासाला चहा चालतो, केळं चालतं, साबुदाण्याची खिचडी चालते. एकादशी दुप्पट खाशी. माझ्या मित्राने सांगितलं, पुण्यात असताना एक आजोबा मोतीबिंदूला कडकडीत उपाशी आले, फक्त भगर आणि दाण्याची आमटी खाऊन. भूलतज्ज्ञाचा उपाशी म्हणजे वेगळा. ठरवलेल्या ऑपरेशनला, मोठ्या माणसांसाठी साधारण असं धरतात: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. बिनदुधाचा चहा-कॉफी पाण्यातच मोडते. दूध, दुधाचा चहा, हलका नाश्ता यांना सहा तास. तळलेलं, तुपातलं, मटण, आपल्या चकल्या-करंज्या, आठ तास. तान्ह्या बाळाला आईचं दूध चार तास. उलट, पाणीसुद्धा आदल्या रात्रीपासून तोडायचं हे खूळ आहे. म्हाताऱ्या माणसाला दुपारपर्यंत कोरडं ठेवू नका. पण तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका, मधुमेह असेल, बाळंतपण असेल तर हिशेब बदलतो.

आणि एक नवीन गोष्ट. एचएसआर लेआउट म्हणजे स्टार्टअपवाल्यांची वस्ती. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आता वजनाच्या इंजेक्शनांची चर्चा चालते, आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड. मौन्जारो आणि वेगोव्ही दोन्ही २०२५मध्ये भारतात आली. ही औषधं भूक मारतात, त्याचा एक मार्ग म्हणजे जठर हळू रिकामं करणं. म्हणजे माणूस घड्याळाप्रमाणे आठ तास उपाशी असतो आणि पोटात कालचं जेवण असू शकतं. २०२३च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, ऑपरेशनआधी आठवडाभर डोस थांबवा. २०२४मध्ये त्यांनी इतर संघटनांबरोबर ते सौम्य केलं, सगळ्यांनी थांबवायची गरज नाही, माणूस पाहून ठरवा, कुणाला आदल्या दिवशी फक्त पातळ आहार द्या. शास्त्र अजून हलतंय. तुमचं काम एवढंच की भूलतज्ज्ञाला सांगायचं. शेजारच्या मजल्यावरच्या एका पोराने दाढेच्या ऑपरेशनआधी सांगितलं नाही, कारण बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याचं सुदैव, काही झालं नाही. लाजू नका. तंबाखू, दारू, जळजळीची गोळी, हलणारा दात, सगळं सांगा. तो माणूस तुमच्या आत्याला सांगायला जाणार नाही.

आणि तो माणूस भेटला नाही तर मागा. आपण सर्जन निवडायला पाच जणांना फोन करतो. भूल कोण देणार हे विचारत नाही. मी त्या सकाळी विचारलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत माझंही हर्नियाचं ऑपरेशन झालं. आमच्या घरातच आहे तो. मी दहा वर्षं थांबलो नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात, ठरवून, आधी तपासणी करून. भूल देणाऱ्या बाई आदल्या दिवशी येऊन बसल्या, वीस मिनिटं बोलल्या, तोंड उघडायला लावून घसा पाहिला. सकाळी सातला सिस्टर आली. लहानशी केरळी मुलगी, हसरी. हातात पॅड. माझी बायको शेजारी.

"सर, रात से कुछ खाया नहीं ना?"

मी म्हटलं, "रात्री साडेनऊला जेवलो. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, ताक. सकाळी पाचला अर्धा ग्लास पाणी, साधं."

तिने मान डोलावली आणि लिहिलं. मी चष्मा लावला आणि पॅड थोडं माझ्याकडे वळवलं. लिहिलं होतं, एनबीएम, रात्री १०पासून.

"साडेनऊ," मी म्हटलं.

"दस भी चलेगा, सर. सेम ही है."

"साडेनऊ लिहा. आणि पाणी पाच वाजता."

तिने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायकोने हळूच म्हटलं, "लिख दो बेटा." तिने दहा खोडलं, साडेनऊ लिहिलं, खाली पाण्याची वेळ लिहिली, आणि मी न सांगता शेजारी सही केली.